अर्ध्या विटेची भिंत

"वहिनी, ही भिंत मेली बघा," असं म्हणत लिंबाजी मिस्त्रीनं आमच्या न्हाणीच्या उजव्या भिंतीवर थापीचा दांडा ठोकला. आतनं पोकळ आवाज आला. "काही दम राहिला नाही हिच्यात. पाडून टाकू. नवी बांधू, आत जाळी घालू, वर छतापर्यंत टाइल लावू. पलीकडं बँड वाजला तरी इकडं ऐकू यायचं नाही."

पलीकडचं ऐकू यायचं नाही? मग माझं कसं व्हायचं?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागनं आमच्या ह्यांचा आवाज आला. "त्या भिंतीला हात लावायचा नाही."

हे पडवीत उभे होते. आत येणार कुठं? आमच्या न्हाणीत एका माणसानं शिरायचं म्हटलं तरी आधी पोट आत घ्यावं लागायचं. मिस्त्री आत म्हणून मी चौकटीत, आणि मी चौकटीत म्हणून हे पडवीत, अशी आमची रांगच लागली होती.

"का पण, अण्णा?" मिस्त्रीनं विचारलं.

"नाही म्हटलं ना? बाकी काय उलथापालथ करायची ती कर. ती भिंत सोडून."

मी मनातल्या मनात तुळजाभवानीला हात जोडले. ह्यांचं एखादं 'नाही' मला इतकं गोड लागल्याचं माझ्या उभ्या संसारात आठवत नाही.

ही गोष्ट आमच्या अर्चनाच्या लग्नाच्या वर्षीची. आता अर्चनाचीच लेक कॉलेजात जाते, म्हणजे बघा. आम्ही बार्शीलाच होतो, सासऱ्यांनी बांधलेल्या साध्या बैठ्या घरात. सासरे गेले आणि ह्यांच्या आणि धाकट्या भाऊजींच्या, म्हणजे मुरलीधरच्या, वाटण्या झाल्या. अगदी गुण्यागोविंदानं झाल्या हो. खोल्या समसमान. भांडी समसमान. परसात संडास दोन होते, एकेक घेतला. न्हाणी मात्र एकच. ह्यांना वाटलं, धाकटा आहे, म्हणेल 'अण्णा, तू ठेव.' धाकट्याला वाटलं, थोरला आहे, म्हणेल 'मुरली, तू घे.' दोघंही वाट बघत बसले, आणि कुणीच काही म्हणेना. शेवटी दोघांनाही राग आला आणि दोघांनी मिळून गवंड्याला सांगितलं, मधोमध दोरी धर. ऐसपैस न्हाणी होती ती, त्यात अर्ध्या विटेची भिंत उभी राहिली, आणि दोन्ही घरांच्या वाट्याला दोन बोळ आले.

भिंत उभी राहिली त्या दिवसापासून दोघा भावांचा अबोला. हे पोस्टात नोकरीला. सगळ्या गावाचा निरोप सगळ्या गावाला पोचवणार, पण सख्ख्या भावाला एक शब्द पोचवायचे नाहीत. अर्चनाच्या लग्नाची पत्रिका ह्यांनी शेजारच्या घरी पोस्टानं पाठवली, तिकीट लावून! पोस्टमननं ती आमच्याच ओट्यावरनं चालत जाऊन पलीकडच्या दारात टाकली. भाऊजी एसटीत कंडक्टर. ते मांडवात आले, अक्षता टाकल्या, आणि ड्यूटी आहे म्हणून जेवायला न थांबता निघून गेले. ह्यांनी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

आम्हा बायकांनाही फर्मान निघालं होतं, त्या घराशी बोलायचं नाही. मी आणि माझी जाऊ वत्सला, आम्ही ते तंतोतंत पाळलं. गल्लीत समोरासमोर आलो तरी माना फिरवायचो. भाजी घेताना ती गाडीच्या या अंगाला, मी त्या अंगाला. पण आंघोळ करताना बोलायचं नाही असं काही कुणी म्हणालं नव्हतं. पुरुषमाणसं कामाला गेली की मी न्हाणीत शिरायची, नळ सोडायची आणि तांब्या भिंतीवर दोनदा वाजवायची. पलीकडनं तिचा तांब्या वाजायचा. की झाली आमची आंघोळ सुरू.

काय बोलायचो, विचारूच नका. काय नाही बोलायचो, ते विचारा. वच्छीला दोन मुलगेच, दोघंही शिकायला पुण्याला. तिचा सगळा जीव अर्चनावर. स्थळ आलं तेव्हा मी माझ्या आईच्याही आधी वच्छीला सांगितलं होतं, डोक्याला शिकेकाई लावता लावता. घरात तर मला बोलायला माणूसच नव्हतं. हे संध्याकाळी घरी आले की तीन वाक्यं बोलायचे. "चहा." "कुणी आलं होतं?" "वाढ." सणासुदीला चौथं.

तशी ती न्हाणी आणखी पन्नास वर्षं तशीच राहिली असती. पण ज्येष्ठात जावई पहिल्यांदा मुक्कामाला आले. शिरीषराव लातूरचे, वीज मंडळात इंजिनिअर. माणूस लाखात एक, पण उंची अशी की आमच्या घरात शिरताना प्रत्येक चौकटीला नमस्कार करायचे. सकाळी ते आंघोळीला गेले आणि आतनं आधी धाडकन आवाज आला. डोकं माळ्याला आपटलं. मग बादली लवंडली. मग बराच वेळ काहीच नाही. मग बारीक आवाजात, "अर्चना... अर्चना..." झालं होतं काय, दार आत उघडायचं आणि दारामागं खुद्द तेच. ते हलल्याशिवाय दार उघडेना, आणि दार उघडल्याशिवाय त्यांना हलायला जागा होईना. डोळ्यांत साबण. शेवटी हे बाहेरनं सूचना देत होते, "उजवा पाय पाटावर... आता डावा बादलीत..." बाहेर आले तेव्हा कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं. बिचारे म्हणाले, "छान आहे हो बाथरूम. कोझी आहे."

ह्यांना ते फार लागलं. त्यात पुढं दिवाळसण. पहिल्या दिवाळीला जावयाला तेल लावून, उटणं लावून अभ्यंगस्नान घालायचं, आणि ते या बोळात? मी आपलं सुचवलं, "परसात पाट मांडू या का? पत्रे लावून आडोसा करू."

"आणि शेजारच्यांनी गच्चीवरनं बघायचं?" हे म्हणाले. हे चौथं वाक्य होतं, म्हणून मी गप्प बसले.

अशा रीतीनं लिंबाजी मिस्त्री आमच्या घरात आला. हा पुण्याला कुठल्याशा बंगल्यावर काम करून आलेला, त्यामुळे त्याच्या तोंडी सारखं पुणंच. "वहिनी, जागा वाढत नसती. डोळ्याला फसवायचं असतं. ओपन वाटलं पाहिजे. पुण्यात सगळं ओपन." मग त्यानं सांगितलं, वरचा माळा काढायचा. दार बाहेर उघडायचं करायचं. जमिनीवरचा सगळा पसारा उचलून भिंतीत कोनाडे काढायचे. झरोक्याच्या जागी काचेची मोठी खिडकी. पांढऱ्या टाइल. आणि भिंतभर आरसा.

"भिंतभर आरसा?" मी म्हटलं. "अरे, बाईमाणसानं आंघोळ करताना आपलंच ध्यान बघत बसायचं का?"

"जागा दुप्पट दिसती, वहिनी."

"मीही दुप्पट दिसेन की रे!"

पण मला खरी धास्ती आरशाची नव्हती. आरसा त्याला त्याच भिंतीवर हवा होता, आणि भिंतीत खिळा ठोकला तर तो पलीकडं वच्छीचा टॉवेल अडकवायला निघाला असता. म्हणून भिंत पाडायची, असं त्याचं गणित.

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी तांब्या वाजवला आणि वच्छीला सगळं सांगितलं. पलीकडं पाणी पडायचं थांबलं.

"आक्का, मग मी कुणाशी गं बोलू?" ती म्हणाली. "हे घरात नसतात, आणि असले की खोकतात. मुलं फोनवर 'हं, हं' करतात. तुझा आवाज ऐकला नाही तर मला भाकरीसुद्धा नीट थापता येत नाही."

"रडू नको. हे म्हणालेत, भिंतीला हात लावायचा नाही."

"अण्णा म्हणाले?"

"अगं, मानी माणूस. भिंत पाडायची तर तुमच्याकडं विचारायला यावं लागेल ना. त्यापेक्षा मेलेली भिंत बरी, असं असणार त्यांचं."

"असू दे मेलं, काही का असेना," वच्छी म्हणाली. "तू तेवढी भिंत सांभाळ, आक्का."

म्हणजे आली का जबाबदारी माझ्यावर! मग मी ती भिंत डोळ्यांत तेल घालून राखली. हे कामावर गेले की मिस्त्री हळूच विचारायचा, "वहिनी, अण्णांना काय कळतंय? पाडू का?" मी म्हणायची, "अरे देवा, ती दक्षिणेची भिंत. पाडली तर घरधन्याला त्रास होतो." संध्याकाळी हे आले की मिस्त्री त्यांना विचारायचा, आणि हे म्हणायचे, "वडिलांच्या हातची आहे ती."

तिसऱ्या दिवशी मिस्त्रीनं थापी खाली ठेवली. "एक सांगा. वहिनी म्हणतात ही दक्षिणेची. सूर्य तर रोज तिच्या मागनं उगवतोय. अण्णा म्हणतात, वडलांच्या हातची. गल्लीतले लोक म्हणतात, वडील गेल्यावर वाटणीत घातली. भिंतीवर एवढी माया मी बघितली नव्हती बाबा. पुण्यातसुद्धा नाही."

मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि आम्ही दोघंही खिडकीच्या काचेबद्दल बोलायला लागलो.

काम चाललं होतं तेवढे दिवस आम्ही परसात, पत्र्यांच्या आडोशाला आंघोळ करत होतो. वच्छीचा आवाज नाही. मला अन्न गोड लागेना. आमटीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. विशेष म्हणजे ह्यांनाही ते कळायचं नाही. एरवी मीठ रतीभर कमीजास्त झालं तरी भुवई वर करणारा माणूस, पण त्या दिवसांत हेही कावल्यासारखे झाले होते. ह्यांची आंघोळ म्हणजे एरवी थंडीच्या दिवसांत तासभर चालायची. पहाटे पाचला आत जायचे ते उजाडल्यावर बाहेर यायचे. मी म्हणायची, "आत झोपता की काय?" तर म्हणायचे, "स्तोत्र म्हणतो." आता परसात पाच मिनिटांत आंघोळ उरकून यायचे आणि चहाच्या कपाकडं बघत बसायचे. मला वाटलं, स्तोत्र राहतं म्हणून बेचैन असतील.

माळा निघाला, खिडकी बसली, दार फिरलं, पांढऱ्या टाइल लागल्या. आणि एके संध्याकाळी मिस्त्रीनं आम्हाला दोघांना बोलावून भिंत दाखवली. माळा काढल्यामुळे तिचा आधार गेला होता. मधोमध पोट आलं होतं, चांगलं आठव्या महिन्यातलं.

"आता माझं ऐकायचं," मिस्त्री म्हणाला. "जावई टेकले आणि ही अंगावर आली, तर माझं नाव घेऊ नका. हिला पाडायची आणि नवी भक्कम बांधायची. त्यांना विचारा."

ह्यांनी भिंतीवरनं हात फिरवला. मग म्हणाले, "तू विचारून ये."

मिस्त्री पलीकडं गेला आणि लगेच परत आला. चेहरा असा, की कुणी त्याला सिमेंट खायला घातलंय. "ते म्हणतात, तुम्हाला पाडायची तर तुमची बाजू पाडा. आमच्या बाजूला हात लावायचा नाही."

"आमची बाजू?"

"अर्ध्या विटेच्या भिंतीला दोन बाजू कुठल्या हो? वीट उभी चिरू का सुरीनं, पावासारखी?" मिस्त्रीचा आवाज चढला. "हे असलं घर मी बघितलं नाही! मी सकाळी येणार आणि घण घालणार. कुणी काय म्हणायचं ते म्हणा!" आणि अवजारं तिथंच टाकून तो निघून गेला.

हे चष्मा काढून पुसत बसले. काचा स्वच्छ होत्या तरी पुसत होते. मी तरी काय करणार? सकाळी घण पडणार, आणि वच्छी मला कायमची ऐकू येईनाशी होणार. मी पोळ्या लाटायला बसले आणि पोळपाटावरच रडून घेतलं.

पहाटे जाग आली तर शेजारी हे नव्हते. पडवीत अंधार होता. न्हाणीचं नवं दार उघडं होतं. मी जाऊन बघते तर हे आत, घमेलं पालथं घालून त्यावर बसलेले. अंगाला शाल गुंडाळलेली आणि कान भिंतीला लावलेला.

"अहो! काय करताय?"

"शू." त्यांनी बोट वर केलं. "भिंत ओली आहे का बघतोय."

"कानानं?"

तेवढ्यात पलीकडनं खोकला ऐकू आला. खोल, छातीतनं ओढून काढल्यासारखा. एकदा सुरू झाला की थांबेना. हे डोळे मिटून ऐकत होते. ढास थांबली तसा त्यांनी स्वतःच श्वास सोडला आणि म्हणाले, "आज जास्त आहे."

"काय जास्त आहे?"

"मुरलीचा दमा. थंडी पडली की सुरू होतो त्याचा. लहानपणापासनं आहे. रात्र रात्र बसायचा उठून. आई त्याला आल्याच्या रसात मध घालून चाटवायची. मला म्हणायची, तू जागा राहा रे, त्याचा श्वास ऐक, थांबला तर मला उठव."

ह्यांच्या तोंडून भावाचं नाव मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. मी उंबऱ्यावर बसलेच.

"म्हणजे तुम्ही तासभर आत बसून स्तोत्र..."

"उन्हाळ्यात दहा मिनिटांत येतो की बाहेर," हे म्हणाले. "उन्हाळ्यात त्याला बरं असतं."

खरंच होतं ते. मी इतकी वर्षं ह्यांचे पंचे वाळत घातले, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"मग जाऊन एकदा विचारायचं तरी, कसा आहेस म्हणून! दार काय काशीला आहे?"

"आता काय विचारणार? इतकी वर्षं झाली." मग म्हणाले, "आज ही पाडणार तो. नवी बांधली की काही कळायचं नाही. आणि तुझीपण पंचाईतच."

"माझी कसली?"

"वत्सलाशी बोलतेस ती."

माझ्या अंगावर कुणी थंड पाणी ओतल्यासारखं झालं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दुपारपर्यंत टाकी रिकामी होते. चार दिवसांनी पाणी येतं गावात, आणि तू एका आंघोळीला टाकी संपवतेस. मला कळत नाही होय? म्हणून तर मिस्त्रीला सांगत होतो, बाबा, हात लावू नको."

मला रडू येत होतं, हसूही येत होतं आणि रागही आला होता. यातलं आधी काय करावं ते ठरेना. एवढ्यात ह्यांनी मान वर केली.

"थांबला," हे म्हणाले.

पलीकडं अगदी चिडीचूप होतं. खोकला नाही, पाण्याचा आवाज नाही, काही नाही. आम्ही दोघंही कान देऊन ऐकत होतो. नुसता श्वाससुद्धा ऐकू येईना.

"मुरली?" हे हळूच म्हणाले. मग मोठ्यानं, "मुरली! ए मुरली!"

उत्तर नाही. हे ताडकन उठले, घमेलं लाथेनं उडालं. मी म्हणतेय, "अहो, पुढच्या दारानं जा! पुढच्या दारानं..." पण ते ऐकायला हे जागेवर होतेच कुठं? मिस्त्रीचा घण तिथंच पडला होता. ज्या माणसानं जन्मात जड म्हणून टपालाचा शिक्का तेवढा उचलला, त्यानं तो घण उचलला आणि भिंतीच्या पोटात घातला. "मुरली, बाजूला सरक!" दुसरा घाव बसला आणि विटा धडाधड पलीकडं कोसळल्या. धुरळा उडाला. पलीकडच्या दिव्याचा उजेड आमच्या न्हाणीत आला.

भगदाडातनं बघतो तर भाऊजी पलीकडच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून उभे. कमरेला पंचा, अंग उघडं, डोक्यावर माकडटोपी. धडधाकट.

हे घण हातात धरून उभे होते. "खोकत का नव्हतास?" असे ओरडले, असे ओरडले की गल्ली जागी झाली असेल.

"तू बोलत होतास," भाऊजी म्हणाले. "ऐकायला येत नव्हतं नीट, म्हणून दाबून धरला."

"आणि हाक मारली तर ओ द्यायला काय झालं होतं?"

भाऊजींची नुसतीच माकडटोपी दोनदा हलली. मग म्हणाले, "पंधरा दिवस तुझी काही चाहूल नाही आतनं. वाटलं, आजारीबिजारी पडलास. कुणाला विचारणार?" आणि मग, एकदम आठवल्यासारखं, "आणि मध नव्हता, अण्णा. गूळ होता."

"काय?"

"आल्याच्या रसात. आई गूळ घालायची. आपल्याकडं मध कुठला?"

"मध होता. मी स्वतः आणायचो, जोश्यांच्या दुकानातनं."

"गूळ होता. मी खायचो. मला माहीत की तुला?"

"चोर! चोर!" करत वच्छी लाटणं घेऊन धावत आली. मोकळे केस, हातात लाटणं, आणि समोर भिंतीला भगदाड. भगदाडाच्या अलीकडं मी. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. इतकी वर्षं नळ सोडून बोललो, आणि आता समोरासमोर आलो तर दोघींनाही शब्द सुचेना. तिच्या केसांत किती पांढरं झालं होतं, ते मला माहीतच नव्हतं. शेवटी तिनं हातातलं लाटणं उगाचच माझ्या हातात दिलं आणि मी ते घेतलं. बाजूला मध की गूळ चाललंच होतं.

सकाळी मिस्त्री आला. भगदाड बघितलं, ढिगारा बघितला आणि डोक्यावरची टोपी काढली. "मी पंधरा दिवस काय सांगत होतो?" मग म्हणाला, "बरं. नवी किती जाडीची बांधू?"

हे म्हणाले, "मुरलीला विचार."

भाऊजी म्हणाले, "अण्णांना विचार."

दोघंही पुन्हा वाट बघायला लागले, तशी माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "कुणाला विचारू नको!" मी ओरडले. "उरलेली पाड. एक वीटसुद्धा ठेवू नको." आणि वच्छी पलीकडनं म्हणाली, "आणि दिवाळीच्या आत पाड." नवऱ्यांसमोर आम्ही एकमेकींना धरून बोललेलं ते पहिलं वाक्य. कुणाची हूं की चूं करायची हिंमत झाली नाही.

मिस्त्रीला हवी होती तशी ओपन न्हाणी झाली ती, पुण्यातसुद्धा नसेल अशी. अर्ध्या जमिनीला पांढऱ्या टाइल, अर्ध्या जमिनीला जुनी शहाबादी. दोन नळ, दोन मोऱ्या, आणि दोन घरांतनं दोन दारं. दारं दोन, हे मात्र जावयांना सांगायचं राहिलं. नरक चतुर्दशीच्या पहाटे आम्ही दोघी जावांनी त्यांना तेल लावलं, उटणं लावलं, दोघींनी ओवाळलं. अर्चना तर काकूच्या गळ्यात पडून अशी रडली, की दिवाळी आहे की पाठवणी ते कळेना. शिरीषराव आत गेले, हात दोन्हीकडं लांब करून बघितले, खूश झाले, आमच्या बाजूची कडी लावली. आणि पलीकडच्या दारानं माकडटोपी घातलेले भाऊजी आत शिरले. जावई पडले संस्कारी. तोंडाला साबण, कमरेला टॉवेल, पण तशातच वाकले आणि चुलत सासऱ्यांच्या पाया पडले. भाऊजींनी "आयुष्मान भव" म्हणून आशीर्वाद दिला आणि तसेच बाहेर आले.

मग दोघा भावांची पाळी आली. दोन पाट मांडले, पाटाभोवती रांगोळी काढली. आम्ही दोघींनी आपापल्या नवऱ्याला तेल लावलं, कढत पाण्याच्या बादल्या ठेवल्या आणि बाहेर आलो. पडवीत बसून मी आणि वच्छी करंज्यांचं ताट भरत होतो. बाहेर गल्लीतल्या पोरांनी फटाक्यांची माळ लावली. ती थांबल्यावर आतलं ऐकू यायला लागलं.

भाऊजींना ढास लागली होती. हे म्हणत होते, "सकाळच्या गाडीला स्वेटर न घालता जातोस. दिसतो मला ओट्यावरनं."

"घालतो."

"खोटं बोलू नको. लहानपणापासनं खोटं. ते मधाचंसुद्धा..."

"गूळ होता म्हणतो ना!"

"बस्स!" हे कडाडले. "आजपासनं बोलू नको तू माझ्याशी!"

वच्छीच्या हातातली करंजी खाली पडली. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. आतनं काहीच आवाज येईना. पाणीसुद्धा पडेना. पुन्हा तेच सुरू होणार, मी मनात म्हटलं, या वेळी विटा नसल्या तरी.

मग भाऊजींचा आवाज आला, रुसलेला, पोरासारखा. "मग माझी पाठ कोण चोळणार?"

पाट सरकल्याचा आवाज झाला.

"वळ तिकडं," हे म्हणाले.